निऑनची एक रेषा आणि चाळीस लाख सूर्यांचं वजन

घरातला बटणांचा बोर्ड उघडला की आपण आधी टेस्टर लावतो. वीज असेल तर त्याच्या दांड्यातला इवलासा दिवा नारिंगी उजळतो. तो निऑन वायू. वर्णपट, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबीनुसार केलेली फोड, शिकवताना मी वर्गात सुरुवात या टेस्टरपासून करतो, कारण पुढे मुलांना आकाशगंगेच्या केंद्रापर्यंत न्यायचं असतं आणि तिथेही निऑनच भेटतो. टेस्टरमधल्या निऑनच्या अणूत दहा इलेक्ट्रॉन शाबूत असतात. केंद्राजवळच्या निऑनने त्यातला एक गमावलेला असतो. आपल्या कामाची त्याची खूण उमटते ती १२.८१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या अवरक्त रेषेत, डोळ्याला दिसणाऱ्या लाल प्रकाशाच्या जवळजवळ वीसपट लांब लहरींवर.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या एका गटाने ही एक रेषा धरून आकाशगंगेच्या केंद्राचं वजन काढलं. उत्तर आलं सुमारे ४० लाख सूर्यांइतकं. आज तिथल्या कृष्णविवराचा, ताऱ्यांच्या कक्षांवरून निघालेला आकडा सुमारे ४३ लाख आहे. म्हणजे आकडा सुरुवातीलाच जवळपास बरोबर होता. तरी तो सर्वमान्य व्हायला पंचवीसएक वर्षं लागली, आणि शेवटी मान्य झाला तो ताऱ्यांच्या साक्षीवर, वायूच्या नाही. या मधल्या काळात शंका घेणारे हटवादी होते असं सांगायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्यांच्या शंका रास्त होत्या, आणि वर्णरेषा नेमकं काय सांगते नि काय सांगत नाही हे समजून घ्यायचं तर त्या शंकांशीच थांबावं लागतं.

धुळीच्या पडद्याआड

केंद्र कुठे आहे? धनू राशीतली ताऱ्यांची चहाची किटली ज्यांनी पाहिली आहे त्यांनी तिच्या तोटीतून वाफ निघते अशी कल्पना करावी. तोटी आणि वृश्चिकाची नांगी, म्हणजे आपलं मूळ नक्षत्र, यांच्या मधल्या पट्ट्यात ते आहे. महाराष्ट्रातून ते दक्षिण क्षितिजावर सुमारे ४२ अंशांपर्यंत चढतं. जून-जुलैत मध्यरात्री सर्वात वर असतं, आणि नेमके तेव्हाच आपल्याकडे ढग असतात. चिलीतल्या वेधशाळांना तेच केंद्र जवळजवळ माथ्यावरून जाताना मिळतं.

अंतर सुमारे २७ हजार प्रकाशवर्षं. अडचण अंतराची नाही, वाटेतल्या धुळीची आहे. दृश्य प्रकाशात ही धूळ केंद्राचं तेज सुमारे ३० प्रतींनी (प्रत हे ताऱ्यांचं तेज मोजायचं माप) कमी करते. प्रतींच्या हिशेबात हे केवळ तीस वाटतं, पण त्याचा अर्थ असा की तिथून निघालेल्या लाख कोटी प्रकाशकणांपैकी एखादाच आपल्यापर्यंत पोचतो. लांब लहरींना मात्र धुळीचे कण कमी अडवतात. २.२ मायक्रॉनवर दर दहा प्रकाशकणांपैकी साधारण एक निसटून येतो. म्हणूनच १९६८ मध्ये एरिक बेकलिन आणि गेरी नॉयगेबाउर यांना याच तरंगलांबीवर केंद्रातल्या ताऱ्यांची गर्दी पहिल्यांदा टिपता आली. आणखी पुढे गेलं की ९.७ मायक्रॉनच्या आसपास वाळूच्या जातीच्या धुळीची शोषणपट्टी आडवी येते. १२.८ मायक्रॉनवरची निऑनची रेषा तिच्या पलीकडे पडते, आणि पृथ्वीच्या वातावरणाला ८ ते १३ मायक्रॉनमध्ये जी खिडकी आहे तिच्या आतही राहते. जमिनीवरून काम करणाऱ्याला यापेक्षा सोयीची जागा मिळणं कठीण.

रेषेचा स्वभावही कामाचा आहे. निऑन निष्क्रिय वायू असल्याने तो धुळीत अडकत नाही की रेणूंत गुंतत नाही. जितका आहे तितका वायुरूपात असतो. रेषा ‘निषिद्ध’ वर्गातली आहे. उत्तेजित आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, ती सोडायला सरासरी दोन मिनिटं घेतो, जे अणूंच्या हिशेबात युगासारखं आहे. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत एवढ्या वेळात कोणी ना कोणी येऊन धडकतं आणि ऊर्जा पळवून नेतं. अवकाशातल्या विरळ वायूत आयनाला तेवढी फुरसत मिळते. आणि तिसरी गोष्ट वर्गात मी फळ्यावर आकडे मांडूनच दाखवतो. वायूचं तापमान ७,००० केल्विन धरलं तर नुसत्या उष्णतेमुळे हायड्रोजनचे अणू सेकंदाला १०-११ किलोमीटर वेगाने इकडेतिकडे धावत असतात. निऑन वीसपट जड, त्यामुळे त्याची ही धावपळ अडीच किलोमीटरच्या आत राहते. म्हणजे निऑनची रेषा जर सेकंदाला शंभर किलोमीटरच्या वेगाइतकी रुंद दिसली, तर तो दोष उष्णतेच्या माथी मारता येत नाही. वायूच खरोखर तसा धावतो आहे.

तापलेल्या दुर्बिणीतून

चार्ल्स टाउन्स हे नाव मेसर (सूक्ष्मलहरींवर चालणारा लेसरचा पूर्वज) आणि लेसरसाठी ठाऊक असतं. त्यासाठी त्यांना १९६४ चं नोबेल मिळालं. १९६७ मध्ये ते बर्कलीला आले आणि खगोलशास्त्रात उतरले. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाला केंद्राच्याच दिशेच्या ढगात अमोनियाचे रेणू सापडले. निऑनच्या रेषेवर त्यांच्यासोबत एरिक वॉलमन, टॉम गेबाल, जॉन लेसी आणि डेव्हिड रँक होते.

काम किती अवघड होतं हे समजायला एक साधा हिशेब पुरतो. आपल्या शरीराइतक्या किंवा खोलीतल्या हवेइतक्या तापमानाची कुठलीही वस्तू सर्वाधिक प्रारण १० मायक्रॉनच्या आसपास सोडते. म्हणजे १२.८ मायक्रॉनवर पाहणाऱ्या यंत्राला दुर्बिणीचा आरसा, नळी, घुमट, आकाश, सगळंच लखलखताना दिसतं. भर दुपारी, स्वतः पेटलेल्या दुर्बिणीतून तारा शोधण्यासारखं हे आहे. यावर उपाय होता तो वजाबाकीचा. दुर्बिणीचा दुय्यम आरसा सेकंदाला अनेकदा किंचित हलवायचा, एकदा केंद्राकडे, एकदा शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, आणि दोहोंमधला फरक तेवढा ठेवायचा. डिटेक्टर द्रवरूप हेलियमने गोठवलेला, म्हणजे निदान तो तरी स्वतः उजळत नाही.

वेग मोजायला डॉप्लर परिणाम: स्रोत दूर गेला की लहर लांबते, जवळ आला की आखडते. सेकंदाला २६० किलोमीटर वेगाने दूर जाणाऱ्या वायूची रेषा १२.८१ वरून सरकते ती अवघी ०.०११ मायक्रॉन. एवढं बारीक सरकणं धरायला फॅब्री-पेरो हे उपकरण वापरलं गेलं. दोन समांतर, अर्धवट चांदी चढवलेल्या पट्ट्या समोरासमोर धरल्या की त्यांच्यामधल्या अंतराला जुळणारी तरंगलांबी तेवढी पार होते. ते अंतर अंशाअंशाने बदलत गेलं की वेगामागून वेग तपासता येतो. एका वेळी आकाशातला एकच ठिपका पाहायचा, त्याचा वर्णपट घ्यायचा, दुर्बीण काही कोनीय सेकंद (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकवायची, पुन्हा तेच. केंद्राच्या अंतरावर एक कोनीय सेकंद म्हणजे प्रकाशवर्षाचा साधारण आठवा भाग. आज एका झटक्यात हजारो ठिपक्यांचा वर्णपट घेणारी यंत्रं आहेत, पण या प्रकरणातल्या एका चुकीच्या समजाचं मूळ त्या ठिपक्या-ठिपक्याने पाहण्यात आहे, म्हणून हे सांगितलं.

वजन कसं निघालं

१९७६ आणि १९७७ च्या निबंधांत वॉलमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की केंद्राच्या काही प्रकाशवर्षांत निऑनची रेषा विलक्षण रुंद आहे आणि जागोजागी वेगवेगळ्या वेगांवर सरकलेली आहे. १९७९ आणि १९८० मध्ये लेसींनी अधिक बारकाईने पाहिलं. सॅजिटेरियस ए पश्चिम या केंद्रातल्या भागात त्यांना आयनीभूत वायूचे चौदा ढग वेगळे ओळखता आले. प्रत्येकात सूर्याच्या दशांशापासून दहापटीपर्यंत वायू, वेग सेकंदाला २६० किलोमीटरपर्यंत, काही आपल्याकडे येणारे, काही दूर जाणारे. एकेका ढगाच्या आतही शंभरेक किलोमीटरची वेगाची तफावत.

वर्गात मी इथे मुलांच्या हाती खडू देतो. वर्तुळाकार कक्षेत फिरणाऱ्या वस्तूचा वेग आणि केंद्रापासूनचं अंतर माहीत असेल तर आतलं वस्तुमान म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्वस्थिरांक. किलोमीटर प्रतिसेकंद, प्रकाशवर्ष आणि सौर वस्तुमान या एककांत हा स्थिरांक ०.०१४ येतो. आधी बाहेरचं टोक घेऊ. केंद्राभोवती वायू आणि धुळीचं एक कडं आहे. त्याच्या आतल्या काठाशी, साधारण साडेपाच प्रकाशवर्षांवर, वायू सेकंदाला ११० किलोमीटरने फिरतो. ११० चा वर्ग १२,१००, गुणिले ५.५, भागिले ०.०१४, उत्तर सुमारे ४७ लाख सूर्य. आता आत येऊ. समजा एका प्रकाशवर्षावर वायूचा कक्षीय वेग २४० आहे. वर्ग ५७,६००, भागिले ०.०१४, उत्तर ४१ लाख.

खडू खाली ठेवायच्या आधी मी त्यांना एकच प्रश्न विचारतो: आत येताना वजन कमी का झालं नाही? केंद्रात केवळ ताऱ्यांची दाट वस्ती असती, तर एका प्रकाशवर्षाच्या गोलात साडेपाच प्रकाशवर्षांच्या गोलापेक्षा खूपच कमी तारे मावले असते, ढोबळपणे पाचवा हिस्सा. नऊएक लाख. मग तिथला वेगही ११० च्या आसपासच राहिला असता. तो तसा राहत नाही, दुपटीहून जास्त होतो. याचा अर्थ वजनाचा मोठा भाग एका प्रकाशवर्षाच्याही आत कुठेतरी एकवटलेला आहे. सगळा दावा या एका तुलनेवर उभा आहे. लेसींच्या १९८० च्या निबंधात ताऱ्यांच्या काही दशलक्ष सौर वस्तुमानाखेरीज मध्यावर तितकंच आणखी एकवटलेलं वजन असावं असं सुचवलेलं आहे. १९८५ मध्ये यूजीन सेराबिन आणि लेसी यांनी निऑनच्या नव्या निरीक्षणांवरून हाच मुद्दा अधिक ठामपणे मांडला आणि कृष्णविवराचं नाव घेतलं.

कृष्णविवराची कल्पना तेव्हा नवी नव्हती. डोनाल्ड लिंडन-बेल आणि मार्टिन रीस यांनी १९७१ मध्येच आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर ते असावं असं सुचवलं होतं. १९७४ मध्ये ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना तिथे रेडिओ लहरींचा एक अतिशय आटोपशीर स्रोत सापडला. पुढे ब्राउन यांनी त्याला सॅजिटेरियस ए-स्टार म्हटलं. वजन एकवटलेलं आहे हे मात्र पहिल्यांदा निऑनने सांगितलं.

शंकेचे मुद्दे

पहिली शंका सगळ्यात जड होती. तारा हा गुरुत्वाकर्षणाशिवाय कुणाचं ऐकत नाही. वायू सगळ्यांचं ऐकतो. त्याला ताऱ्यांचा वारा ढकलतो, चुंबकीय क्षेत्र वळवतं, जवळपास स्फोट झाला तर तो उधळला जातो. केंद्रातल्या तरुण ताऱ्यांच्या गटातून, ज्याला आयआरएस १६ म्हणतात, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाचे वारे निघतात हे पुढे स्पष्ट झालं. २६० किलोमीटरचा वेग पाहून ‘हा वायू कशाभोवती तरी फिरतो आहे’ म्हणायचं, की ‘याला कोणीतरी फुंकलं आहे’ म्हणायचं? एकट्या रेषेला हे सांगता येत नाही. ती फक्त आपल्या नजरेच्या दिशेतला वेग देते. आडवा वेग तिला दिसत नाही, आणि ढग आपल्या बाजूला आहे की केंद्राच्या पाठीमागे, हेही कळत नाही. १९८६ मध्ये डेव्हिड ॲलन आणि रॉबर्ट सँडर्स यांनी कृष्णविवर असलंच तर ते अगदीच लहान असू शकतं असा उलट पक्ष मांडला. तो चुकीचा ठरला, पण हातात असलेल्या पुराव्यावर तो मांडण्याजोगा होता.

दुसरी शंका मला सर्वात रोचक वाटते, कारण ती त्याच वर्णपटातून आली. निऑनचा एक इलेक्ट्रॉन काढायला २१.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, दुसरा काढायला ४१. भुकेलं कृष्णविवर वायू गिळताना इतकं तीव्र प्रारण सोडतं की आसपासच्या निऑनचे दोन, तीन, चार इलेक्ट्रॉन उडून जातात. इतर सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रात ते दिसतंही. इथे मात्र लेसी आणि सहकाऱ्यांना एकच इलेक्ट्रॉन गेलेला निऑन मुबलक मिळाला, आणि १०.५ मायक्रॉनवरची तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या गंधकाची रेषा क्षीण. हिशेब जुळत होता तो सुमारे ३५ हजार केल्विनच्या ताऱ्यांच्या प्रकाशाशी. म्हणजे एकाच वर्णपटात दोन साक्षी: रेषेचा सरकणारा माथा म्हणत होता की इथे लाखो सूर्यांचं वजन एका बिंदूत आहे, आणि रेषांच्या तेजाचं गुणोत्तर म्हणत होतं की इथे कृष्णविवराची कसलीही धग नाही.

यातली एकही साक्ष खोटी नव्हती. कृष्णविवर होतं, पण जवळजवळ उपाशी. आज त्याचं तेज त्याच्या वजनाच्या मानाने नगण्य आहे हे क्ष-किरणांपासून रेडिओपर्यंत मोजलेलं आहे. आसपासचा वायू पेटवणारे तारेही सापडले. १९९० च्या सुमारास २.०६ मायक्रॉनवरच्या हेलियमच्या रेषेवरून केंद्रातले तप्त, तरुण, वारे सोडणारे तारे ओळखले गेले. पण १९८० मध्ये बसलेल्या अभ्यासकाने ही विसंगती पाहून सावध राहणं हेच योग्य होतं.

तिसरा मुद्दा ढगांचा. १९८३ मध्ये रॉन एकर्स आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बीणमालेने याच भागाचा तपशीलवार नकाशा काढला, आणि तिथे सुटे ढग दिसण्याऐवजी वळणदार फाटे दिसले. उत्तर बाहू, पूर्व बाहू, पश्चिम कमान आणि मधला दांडा. त्याला छोटं सर्पिल म्हणतात. लेसींच्या चौदा ढगांपैकी बरेचसे या सलग प्रवाहांवरचे उजळ पट्टे निघाले. ठिपक्या-ठिपक्याने पाहिलं की नदीची डबकी दिसतात, तसं झालं होतं. गंमत अशी की या दुरुस्तीने मूळ दावा कमजोर न होता मजबूत झाला. ढगांच्या आतली वेगाची तफावत पाहता ते दहाएक हजार वर्षांत विस्कटले पाहिजेत आणि दर हजार वर्षांत काही नवे तयार व्हायला हवेत, असा त्रासदायक निष्कर्ष १९८० मध्ये निघाला होता. हे ढग येतात कुठून, याला तेव्हा चांगलं उत्तर नव्हतं. सलग प्रवाह म्हटल्यावर ते उत्तर मिळालं: बाहेरच्या कड्यातून वायू आत ओढला जातो आणि वाटेत ताणला जातो. उत्तर बाहूच्या लांबीवर वेग सलग बदलत जातो हेही निऑनच्या रेषेनेच दाखवलं, आणि असा शिस्तीत बदलणारा वेग फुंकरीने तयार होणं अवघड असतं.

इतर रेषांनीही हातभार लावला. ६३ मायक्रॉनची ऑक्सिजनची आणि १५८ मायक्रॉनची कार्बनची रेषा जमिनीवरून दिसत नाहीत, बाष्प त्या पूर्ण गिळतं. त्यासाठी नासाचं कायपर हे विमान होतं, ९१ सेंटिमीटरची दुर्बीण घेऊन पावसाच्या ढगांच्या कितीतरी वर उडणारं. १९८० च्या दशकाच्या मध्यात या रेषांवरून कड्याचं फिरणं मोजलं गेलं आणि बाहेरून आत येतानाचं वजनाचं चित्र पूर्ण झालं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनने वर पाठवलेल्या १०० सेंटिमीटर दुर्बिणीवर जपानी उपकरण बसवून कार्बनची हीच १५८ मायक्रॉनची रेषा मृगातल्या ढगांमध्ये टिपली. केंद्रापेक्षा वेगळा विषय, पण तंत्र तेच, तीच फॅब्री-पेरो जातकुळी. ते काम आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं.

ताऱ्यांची साक्ष

१९८० च्या दशकाच्या शेवटी केंद्रातल्या ताऱ्यांचे वेगही २.३ मायक्रॉनच्या कार्बन मोनॉक्साइडच्या पट्ट्यांवरून मोजले जाऊ लागले आणि ते वायूशी जुळले. मग राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी एकेका ताऱ्याचं आकाशातलं सरकणं वर्षानुवर्षं टिपलं. गेन्झेल १९८० च्या सुरुवातीला बर्कलीत टाउन्स यांच्याच गटात होते. निऑनच्या दाव्यावरची शंका त्यांनी आतून पाहिली होती. २००२ मध्ये एस-२ हा तारा सॅजिटेरियस ए-स्टारपासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या केवळ १२० पट अंतरावरून, सेकंदाला साडेसात हजारांहून अधिक किलोमीटरने वळसा घालून गेला. त्याची फेरी १६ वर्षांची. एका प्रकाशवर्षाच्या गोलात वजन आहे म्हणणं आणि सतरा प्रकाशतासांच्या आत ते आहे म्हणणं, यात शंकेला उरलेली सगळी जागा संपली. २०२० चं नोबेल गेन्झेल, गेझ आणि रॉजर पेनरोज यांना मिळालं. टाउन्स २०१५ च्या जानेवारीत गेले, ९९ वर्षांचे.

४० लाख आणि ४३ लाख ही जवळीक पाहून हुरळून जाण्याआधी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या काळी केंद्राचं प्रमाण मानलेलं अंतर १० किलोपार्सेक (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं) होतं, आज ते ८.२ ते ८.३ च्या दरम्यान आहे. अंतर घटलं की आकाशातल्या कोनांवरून काढलेली तिथली सगळी अंतरंही त्याच प्रमाणात घटतात आणि वजनही घटतं. नजरेच्या दिशेबाहेरचा वेग अंदाजाने भरायचा, ढगांच्या जागा अंदाजाने ठरवायच्या, यात दीडपट-दुपटीची चूक सहज होऊ शकते. आकडा इतका जुळला यात काही चुकांनी एकमेकींना कापलं हेही आहे. बरोबर निघाली ती पद्धत आणि तिचा मुख्य निष्कर्ष, की आत येताना वजन कमी होत नाही.

वायूचं काम अजून संपलेलं नाही. ताऱ्यांनी कृष्णविवराचं वजन सांगितलं, पण त्याच्या पोटात काय आणि कसं जातं हे तारे सांगू शकत नाहीत. छोट्या सर्पिलातल्या वायूच्या मानाने ए-स्टारपर्यंत प्रत्यक्ष पोचणारा वायू फारच थोडा आहे. मधल्या एका प्रकाशवर्षात तो कुठे अडतो? लेसींनी पुढे टेक्सेस हा अतिशय बारीक भेद करणारा स्पेक्ट्रोग्राफ (वर्णपट नोंदवणारं यंत्र) बांधला आणि हवाई बेटावरच्या दुर्बिणीवर १२.८ मायक्रॉनचाच नवा नकाशा काढला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उत्तर बाहूतला वायू जवळजवळ वर्तुळाकार कक्षांत फिरत सावकाश आत सरकतो, बाहू म्हणजे त्या फिरत्या वायूच्या चकतीवरची सर्पिल रेघ, हे चित्र अधिक जुळतं असं म्हटलं आहे. त्याआधी २००९ मध्ये व्हीएलएच्या अनेक वर्षांच्या नकाशांवरून तोच वायू लांबट लंबवर्तुळांतून केंद्राजवळून झपाट्याने जातो असं मांडलं गेलं होतं. पहिलं खरं असेल तर प्रवाह वर्षानुवर्षं तिथेच घुटमळतो, दुसरं खरं असेल तर तो एका फेरीत येऊन निघूनही जातो. जेम्स वेब दुर्बिणीवरचं मध्य-अवरक्त उपकरण ५ ते २८ मायक्रॉनमध्ये वर्णपट घेतं, त्यात १२.८१ ही रेषा आहे, एक इलेक्ट्रॉन गेलेल्या निऑनच्या शेजारी दोन गेलेल्याची १५.६ मायक्रॉनची रेषाही आहे, आणि तिथे पृथ्वीचं तापलेलं आकाश मध्ये येत नाही.